पाठीचा रंग

नावं आमची उलटी पडली.
थोरला भरतेश, तो किताबवाला, छाती अठ्ठेचाळीस.
मी बाहुबली. वजन त्रेपन्न किलो,
उद्यमनगरात लेथवर.
पावती फाडणारा नाव ऐकून वर बघतो,
मग खाली बघतो, मग हसतो.

त्याला आधी तालमीत धाडलेला.
वस्ताद म्हणाले, पोरगं अंग बघतंय, डाव बघत नाही.
खरंच होतं ते.
माती झटकून आला आणि शाहूपुरीत
एका गॅरेजच्या माडीवर आरशापुढं उभा राहिला.
अकरा वर्षं.

आमच्यात दिवस मावळला की चूल विझते.
कांदा नाही, बटाटा नाही, चातुर्मासात पालासुद्धा नाही.
आणि ह्याला दर तीन तासांनी खायचं.
आई काही बोलली नाही.
न्हाणीमागं एक स्टोव्ह आला, एक पातेलं आलं,
आणि तिचं तिकडं जाणं बंद झालं.
टरफलं पेपरात गुंडाळून
मी पलीकडच्या गल्लीतल्या कोंडाळ्यात टाकायचो.
त्याला पांढरंच लागायचं.
पिवळं मी खाल्लं. हे अजून घरात कुणाला ठाऊक नाही.

पाठीला रंग लावायचं काम माझ्याकडं.
त्याचा हात जिथं पोचत नाही
तेवढाच भाऊ माझ्या वाट्याचा.
मिरज, इचलकरंजी, एकदा पार इंदूर.
कुठल्यातरी शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला सारलेली,
फळ्यावर अपूर्णांक,
आणि मी स्पंजानं थरावर थर देतोय.
दोन दिवस पाणी तोडलेलं असायचं त्यानं.
कातडी कांद्याच्या पापुद्र्यागत.
(घरात कांदा नाही, तरी मला हेच सुचायचं.)
बोट टेकलं की खालचा धागा न् धागा हलायचा.
शंभराव्या भागात माप धरणारा माणूस मी,
असलं फिनिशिंग माझ्या लेथवर कधी निघालं नाही.

आई एकदाच आली. पेठेतलं मैदान, पहिली रांग.
मला वाटलं, एवढ्याशा चड्डीत बघून मान खाली घालेल.
पण जिनं उघड्या देवावर दुधाच्या धारा
डोळे भरून बघितल्यात,
तिला अंगाची कसली लाज?
शिट्ट्या, हलगी, पंचांच्या पेन्सिली.
ती माझ्या कानाशी आली:
"ह्यो श्वास का घेईना?"

त्या रात्री तो पहिला आला.
पुढच्या वर्षी दुसरा.
मग खांदा गेला. मग नुसतं यादीत नाव.
आता शिरोलीला एका कारखान्याच्या गेटवर असतो,
ट्रकवाले फोटो काढून घेतात.

परवा तिघं कुंभोजला गेलो.
आई माळ ओढत बसली.
हा मूर्तीसमोर उभा राहिला, सवयीनं पोट आत, खांदे रुंद.
वर तो, वेली मांडीपर्यंत चढलेल्या,
निकालाची काही घाई नसलेला.
मी मागं, माझ्या नेहमीच्या जागी.
बराच वेळ काही झालं नाही.
मग शर्टाच्या आत
ती पाठ फुगली,
आणि सैल पडली.