एकशे एकोणीस

चितार आळीत दुपारी अडीचला
लाखेचा वास पेंगत असतो.
मी वेंगुर्ल्याहून आलेय. पिशवीत
पासपोर्टच्या दोन झेरॉक्स आणि वही,
वहीत प्रश्न:
अव्हिन्यॉत किती दिवस पुरे?
राजवाडा आधी की चित्रं आधी?
शाकाहारी काय मिळतं?

सगुण चितारी त्या गावी अकरा दिवस होते,
तीसेक वर्षं झाली,
दशावतारी गंजिफाचा एक जोड घेऊन.
एकशे वीस पानं, लाकडी पेटी, झाकणावर वेल.
सावंतवाडीत अजून त्यांची ओळख करून देतात,
"ह्यो फ्रान्साक गेललो."

ते वहीकडे बघत नाहीत.
वामनाच्या छत्रीचा दांडा ओढतायत,
एका श्वासात ओढायचा असतो, म्हणून मीही धरून ठेवते माझा.
दांडा झाला.
"काय बघितलंत तिथं?"
"वारो," म्हणतात.
"आपलो वारो पावस हाडता.
थयलो रिकाम्या हातान येता
नि भरल्या हातान जाता."

भिंती?
भिंती चिंचोक्याच्या खळीच्या रंगाच्या,
खळ जरा जास्त शिजली की येतो तो.
त्यांना वाटलं होतं, गावाला अजून रंग द्यायचा राहिलाय.

आणि पूल.
चार कमानी, मग नुसती नदी.
लोक तिकीट काढून टोकापर्यंत जातात,
उभे राहतात, परत येतात.
मला हसू येतं. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर
आम्ही तरी दुसरं काय करतो रोज संध्याकाळी,
फुकट.

त्या टोकावर एका बाईला
त्यांनी कूर्माचा प्रधान दाखवला.
तिच्या नखांत माती होती, कुंभारीण असणार.
तिनं पान उजेडाकडे धरलं
आणि वाऱ्यानं नेलं,
घोड्यासकट.
ती रडायला लागली. ह्यांच्याकडे
तिच्या भाषेतला एकच शब्द, तोही आभाराचा.
तोच म्हणत राहिले.
"कासवाचोच तो. पाण्यात गेलो
तर रडाचा कित्याक?"
हे तिला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पत्त्यांचा जोड घेऊन आली.
त्यातला राजा: वर डोकं, खाली डोकं,
उलटा धरा, सुलटा धरा,
पाय कुठेच नाहीत.
"घोडो नाय, आसन नाय. बसतलो खंय?"

पेटी उघडून दाखवतात.
कूर्माच्या ओळीत राजाशेजारी
तो बिनपायांचा पाहुणा बसलाय.
द्वारकाबाईंनी कात्रीनं कोपरे कापून
त्याला गोल केलाय. एका बाजूचा मुकुट थोडा गेला.
पुण्याचा एक संग्राहक तीनदा येऊन गेला,
म्हणाला, पान तेवढं पुरं करा, मागाल ते देतो.
दोन दिवसांचं काम.
केलं नाही.
का, ते मी विचारलं नाही,
आणि त्यांनी छत्रीला
कुणी न मागितलेली लाल झालर काढायला घेतली.

मंगळवारी माझी व्हिसाची तारीख.
बँकेत जे आहे त्यात जाणं बसतं,
येणं जेमतेम.
उठताना म्हटलं, तुमच्यासाठी काय आणू?
"काय नको. टोकापर्यंत जा.
फाटी येवक इसरू नको."

बाहेर मोती तलावाचं पाणी
घोटून ठेवल्यासारखं, एक सुरकुती नाही.
वही उघडली. पहिल्या प्रश्नापुढे
लाखेचा ठिपका, कधी पडला कोण जाणे,
बोटाला अजून चिकटतो.
कोपऱ्यावर पोचले तेव्हा मागून हाक आली,
ब्रश हातातच, पायांत चपला नाहीत:

"आणि तो पाव!
बरो आसता. पण दातान नको,
नारळासारखो फोडूचो लागता."