आता राज्य झेनोनवर

सातवा भाग आला एकदाचा.
नऊ वर्षं वाट पाहिली. तेवढ्यात
वाउब्झिखमधली कोकभट्टी थंड झाली,
लुद्विकाची दोन लग्नं झाली,
आणि झेनोनच्या मेंदूत एक बारीकशी नस फुटली.

बोगुमिलच्या चौथ्या मजल्यावर जमलो.
लिफ्ट नाही, म्हणून हातांची पालखी करून
झेनोनला वर आणला
आणि त्याच जुन्या खुर्चीपाशी टेकवला,
जिच्यावर आम्ही आळीपाळीने बसत आलो:
एक संगणक, चार राजे,
ज्याची खेळी त्याचं सिंहासन,
बाकीच्यांनी स्वयंपाकघरात जायचं,
डोकावायचं नाही.

मतं लगेच सुरू झाली.
बोगुमिल म्हणाला, पाणी बघा, पाणी!
नदीत ढगांची सावली हलते.
लुद्विका म्हणाली, हलते ना,
पण भालाईत सगळे एकाच आईचे.
तिसऱ्या भागातला भालाईत
बारा ठिपक्यांचा होता,
तरी मला त्याची भीती वाटायची.
मी म्हणाले, मला ते ‘खेळी मागे घ्या’ बटण आवडलं.
मी बस चालवते. दिवसभर
एकही वळण मागे घेता येत नाही मला.
यावर दोघंही तुटून पडले:
हा तर रडीचा डाव,
पुसता आली तर ती चूक कसली,
मग सरळ पत्ते उघडे टाकूनच खेळा!

बोगुमिलचा मुलगा वित, वय सोळा,
दारात उभा राहून चिप्स खात म्हणाला,
‘जुने भाग चांगले नव्हते.
तुमचे गुडघे चांगले होते.’
याला कोणाकडेच उत्तर नव्हतं.
बोगुमिलने त्याला कचरा खाली न्यायला सांगितलं.

मग राज्य झेनोनवर आलं.

झेनोन पहिल्यापासूनच सावकाश.
त्याच्या एका खेळीत आम्ही
बटाटे सोलून, उकडून, खाऊन, भांडी विसळून परत यायचो,
तर हा तिथेच, हनुवटीखाली मूठ,
एका पुलाकडे बघत.
हरायचा तो, नेहमीच हरायचा.
पण त्याचा पूल कोणाला घेता आला नाही.

आता वरच्या कोपऱ्यात लाल आकडे उतरू लागले.
नव्वद. एकोणनव्वद.
उजवा हात मांडीवर, परक्याने विसरून गेल्यासारखा.
डावा माउसवर चढला.
बाण निघाला, रानातून भरकटला,
नदीशी आला,
पुलापाशी थांबला.
‘तुमची खेळी संपली’ असं सोनेरी अक्षरांत उमटलं,
तुतारी वाजली,
आणि संगणकाचं सैन्य
पूल ओलांडून निघूनही गेलं.

झेनोनचा शब्द हल्ली
आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो.
आम्ही थांबलो.
‘अजून...’ तो म्हणाला,
‘बसलोच... कुठे होतो मी.’

लुद्विकाने खेळ बनवणाऱ्यांच्या
सात पिढ्यांचा उद्धार केला, एकेका भागाला एक पिढी.
बोगुमिल सारखा पाण्याकडे बघत होता,
जणू ते त्याने स्वतः आणून ओतलं होतं.
रिकामी बादली घेऊन वित आला,
न बोलता झेनोनच्या हाताखालून माउस घेतला,
एक यादी उघडली, तिच्यात ‘इतर’,
त्याच्याही खाली आणखी एक ‘इतर’,
आणि तिथे, कोणाला सापडू नये अशा बेताने ठेवलेलं:
वेळेची मर्यादा — नाही.

‘हे आधी का नाही सांगितलंस?’
‘कचरा टाकायला गेलो होतो.’

नवा डाव मांडला.
आता पाऊण वाजलाय.
उद्या दुकानदार विचारेल, दहापैकी किती?
बोगुमिल आठ म्हणेल, लुद्विका तीन,
मी बटणाबद्दल पुन्हा बोलणार नाही.
झेनोनचं मत यायचंय.

आतल्या खोलीत लाल आकडा नाही.
नदीत ढगांची सावली हलते आहे,
आता कबूल करायला हरकत नाही, छान हलते.
तो पुलाकडे बघतो आहे.
बटाटे उकळी धरताहेत.
बोगुमिल, मीठ कुठे ठेवतोस रे?