दारातला रंग

दस्तगीर पोत्यातून आणतो मेलेल्या हार्डडिस्का :
विजापूर वेशीतल्या बंद सायबर कॅफेच्या,
कुठल्याशा बुडालेल्या पतसंस्थेच्या,
चार एका दातांच्या डॉक्टराच्या.
तराजूही त्याचाच. काटा त्याच्या बाजूला जरासा झुकतो,
मी बघून न बघितल्यासारखं करते.

"काळे नको आणू," मी आधीच सांगितलेलं,
"स्पीकरमधले काळे म्हणजे गंजाची भाकरी.
मला चंदेरी पाहिजेत,
बोट सापडलं तर न सोडणारे."
त्यानं अंगठ्याचं निळं पडलेलं नख पुढं केलं :
"असले न?"
असलेच.

आधी भट्टी.
साडेतीनशेच्या पुढं चुंबक ओढ विसरतो.
सकाळी ज्यांना वेगळं करायला पाना आणि दोन माणसं लागली
ते संध्याकाळी ताटात सुटे पडतात
भाजलेल्या शेंगांसारखे,
कुणी कुणाकडं सरकत नाही.
इथं मला दरवेळी थोडं चुकल्यासारखं होतं.

मग अक्कलकोट रोडची शेड, अर्धा कापलेला निळा ड्रम.
जाळीच्या टोपलीत तुकडे, धन टोकाला.
समोर ऋण टोकाला पत्रा.
रेक्टिफायर घुमायला लागतो
आणि तुकडा कडेकडेनं झिजतो
गालात धरलेल्या खडीसाखरेसारखा.
लोखंड चालत जाऊन पत्र्यावर बसतं,
करडं, खरखरीत. ते खरवडून
दस्तगीरलाच परत विकते, त्याच्याच काट्यावर.

पाण्यात मागं राहतं ते नियोडिमियम.
दस्तगीर म्हणतो नियोडी मियाँ,
"अपनेच मोहल्ले का लगता है."

दुपारी अडीचला वीज जाते. बाहेर चव्वेचाळीस.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
पुस्तकात लिहिलंय गाळ सात वेळा धुवा,
मी चारदा धुते,
आणि चौथं पाणी जपून ठेवते
पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला.
पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी रोज पाणी येत असणार.

त्या दिवशी नायना डबा घेऊन आले.
एकतीस वर्षं मिलच्या रंगखात्यात.
कोपरापर्यंतचा निळा आता नखांच्या मुळाशी तेवढा उरलाय.
ट्यूबलाइटखाली बशी बघितली, ओठ मुडपले :
"फिक्का. निळीत बुडवून लगेच काढल्यासारखा.
ह्याच्यासाठी नोकरी सोडलीस?"

आणि सवयीनं बशी घेऊन दाराकडं गेले.
रंग खात्यात बघायचा नाही, दारात बघायचा,
हे त्यांचं जन्माचं.

दारात गाळ गुलाबी होता.
जांभळाकडं झुकलेला गुलाबी,
सांडगी मिरचीच्या नव्हे, कांद्याच्या पातीच्या मुळाशी असतो तसला.

आत आले. निळा.
बाहेर गेले. गुलाबी.
तिसऱ्या खेपेला चष्मा पुसला.
"पद्मजा, हा खोटं बोलतोय गं."
मी म्हटलं, "तो तोच आहे. उजेड बदलतो."

नायना बराच वेळ गप्प.
मग अठ्ठ्याऐंशीची गोष्ट काढली, जी मी कधी ऐकली नव्हती.
बाराशे चादरी परत आलेल्या. रंग जमला नाही म्हणून.
खात्यात तेव्हा नव्या नळ्या बसवलेल्या, पांढऱ्या उजेडाच्या.
"मी साहेबाला म्हटलं, रंग माझा बरोबर आहे,
तुमचा दिवा खोटा."
पंधरा दिवसांचा पगार कापला.
आईला सांगितलं, खिशातून पडला.

मला सांगायचं होतं, ह्या धातूची गोष्ट वेगळी आहे,
तो उजेडातले ठरावीक पट्टे गिळतो,
चादरीच्या निळीला ते लागू नाही.
नाही सांगितलं.

पुण्याचा गिऱ्हाईक फोनवर भाव पाडत होता,
म्हणे मालात दुसरं काहीतरी मिसळलंय.
मिसळलंय, प्रॅसिओडिमियम, त्याचा जुळा भाऊ,
ते वेगळं करायला माझ्याकडं ड्रमही नाही आणि पाणीही.
मी होय म्हटलं.

नायनांनी बशी उंबऱ्यावर ठेवली,
अर्धी आत, अर्धी बाहेर,
शेंगाचटणीची पुडी सोडली
आणि कडक भाकरी गुडघ्यावर मोडली.