चार मीटरच्या आत

शनिवारी पहाटे जिनिंगच्या वजनकाट्यावर
लोटनने जीप चढवली. उगाच, गंमत म्हणून.
सोळाशे चाळीस.
त्यात भटू सरांचे ऐंशी, माझे बासष्ट,
कळण्याच्या भाकरी, ठेचा, डिझेलचे दोन कॅन,
आणि मागच्या सीटखाली एक साखळदंड,
जो लागू नये म्हणूनच न्यायचा असतो.

चोपडा मागे पडलं, केळी संपली.
डांबर संपलं तिथे लोटन उतरला,
काडेपेटीतल्या काडीने एकेका चाकाची हवा सोडली,
अठरा पौंड, कानाने मोजून.
"पसरू दे टायरले भो," म्हणाला,
"दगडले धरू दे."

मग लहान गिअर. मग चढ.
चढ म्हणजे पावसाळ्यात पाणी उतरतं ती घळ,
आणि आपण तिच्या उलट.
एक चाक हवेत, एक खळग्यात,
बोनेटच्या वर नुसतं आभाळ,
आणि भटू सर डोळे मिटून अक्षांश पुटपुटतायत
जशी कुणी रामरक्षा म्हणावी.

चौतीस वर्षं सरांनी सातपुडा
खिळ्याला टांगला, छडीने दाखवला.
निवृत्त झाल्यावर भाच्याने यंत्र दिलं,
आणि यंत्रात निघाला एक डबा:
कुण्या अनोळखी माणसाने या डोंगरात लपवलेला,
आत वही, पेन्सिल, आणि एकच नियम,
काही घेतलंत तर काही ठेवा.

दुसऱ्या नाल्यात साखळदंड लागलाच.
रात्र तिथेच काढली, गाळात, इंजिनाची ऊब असेतो.

रविवारी सकाळी मोहाच्या एका झाडाशी
यंत्र म्हणालं, चार मीटर.
मी रोज शंभर गाड्या तोलतो,
पाच किलोचा फरक मला झोपेत कळतो,
पण चार मीटरात एवढे दगड मावतात
हे ठाऊक नव्हतं.
सगळे उलटले. एक विंचू, दोन गोगलगायीचे शंख,
विडीचं जुनं बंडल.
ढोलीत हात घातला, भीत भीत.
"डबा कसाना," लोटन म्हणाला, "सरस्नी परीक्षा शे ही."

झाडाखाली एक बाई मोह वेचत होती.
तासभर तिने आमचं वाकणं पाहिलं,
आपलं वाकणं थांबवलं नाही.
टोपली भरली तेव्हा कंबर सरळ केली
आणि बोट वर दाखवलं.

वर. बेचक्यात. सुतळीने बांधलेला स्टीलचा डबा.
"खाली पाण्यात जायचा," म्हणाली. "दोनदा गेला.
नाल्यातून आणला. मग बांधला वर."
यंत्र खोटं बोललं नव्हतं.
आम्हीच आडवे शोधत होतो.

वहीत नावं. पुणे, इंदूर, नाशिक,
एक सही हिरव्या शाईत, वाचता न येणारी.
आणि मधल्या चार पानांवर बाराखडी,
'ण' उलटा, 'झ' मुळांसकट झाडासारखा.
"दुरसिंगची," बाई म्हणाली. "माझा. आश्रमशाळेत आहे आता."
पेन्सिल नव्हती.
पेन्सिलीच्या जागी होतं एक घुंगरू,
भोंगऱ्या बाजारातलं, लाल दोऱ्यात.
नियम तर पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहिला होता.

भटू सर त्या उलट्या 'ण'कडे बघत राहिले.
सवयीने खिशातलं लाल पेन काढलं,
टोपण उघडलं,
लावलं,
आणि पेन डब्यात ठेवलं.

घुंगरू घ्यायचं कुणी? कुणीच घेतलं नाही.
लोटनने झाडावर चढून गाठ मारली,
ती बाईला पसंत पडली नाही,
तिने पुन्हा चढून स्वतः मारली.

रात्री अकराला काट्यावर परत.
भाकरी पोटात जिरल्या, दोन्ही कॅन रिकामे,
तरी आकडा सोळाशे पंचावन्न.
मी दोनदा बघितलं.
लोटन खाली वाकून, स्क्रूड्रायव्हरने
मडगार्डच्या आतून ढेकळं पाडत होता,
ढेकळात चिकटलेली मोहाची फुलं, अजून गोड वासाची.
पावती फाडायची तर फाडलीच.
माल: गाळ.
कुठून: लिहिलं नाही.