सहामाही

वर्षातून दोनदा आमचं सरकार निघायचं,
आणि सरकारच्या मागोमाग आमचा स्टोव्ह.
उन्हाळ्यात इंदूर, थंडीत ग्वाल्हेर.
फायली गोणपाटात, गोणपाटाला लाख,
पेट्यापेट्यांवर खडूने नंबर.
माझ्या ट्रंकेवरही एकदा चुकून चिकटली
'महसूल, तातडीचे' अशी चिठ्ठी. ती मी काढली नाही.
नातेवाईक म्हणायचे, काय थाट, दोन-दोन राजधान्या!
मी म्हणायचे, हो ना,
आणि दोन्हीकडे चुलीच्या विटा उसन्या.

यादीवाला आला तो ज्येष्ठात.
नंदलालपुऱ्याच्या खोलीत मी गहू निवडत होते.
दारात पोरगेला कारकून, घामाने शाई फिसकटलेली.
घरात कोण कोण?
वामन केशव पागनीस, सचिवालय.
आणि बाई?
शेजारीण म्हणाली, लिहा, पागनिसांची बायको.
त्याने टाक टेकवलाही होता,
तेवढ्यात माझ्याच गळ्यातून आलं,
सगुणा.
नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो,
स्वतःचं घ्यायला काहीच लागलं नाही.
'गु ऱ्हस्व की दीर्घ?'
'ऱ्हस्व,' मी म्हटलं, जशी काही रोजच सांगते.

मतदान आलं पौषात.
सरकार तेव्हा ग्वाल्हेरला. म्हणजे आम्हीही.
लष्करातल्या शाळेपुढे रांग, तोंडातोंडातून वाफ.
पहाटे न्हाऊन मी लग्नातली शाल काढलेली.
टेबलावरच्या माणसाने पानं उलटली,
परत उलटली, चष्मा पुसला,
'आप तो इंदौर की हैं, बहनजी.'
इंदूरला आम्हाला ग्वाल्हेरवाले म्हणतात,
हे त्याला सांगून काय उपयोग होता?

बाहेर लिंबाखाली आणखी सात-आठ जणी.
कुणी 'छोटे की अम्मा', कुणी 'हलवाई की घरवाली',
असंच लिहिलेलं, म्हणून खोडलेलं.
त्यांना नाव नव्हतं म्हणून परत पाठवलं.
मला नाव होतं, ते तिकडे,
तीनशे मैलांवर, ऱ्हस्व उकारासकट,
कुठल्याशा शाळेतल्या टेबलावर पडून,
आणि ओ द्यायला तिथे कुणी नाही.
एकीने मला गजक दिली. आम्ही ती उभ्यानेच खाल्ली.

ह्यांनी त्या वर्षी मोतीमहालात बसून
हजारो नावांची सुवाच्य नक्कल केली होती,
एकही खाडाखोड नाही, साहेब खूश.
त्यात ह्यांचं स्वतःचं नव्हतं,
ते त्यांना नक्कल करतानाच कळलं असणार.
संध्याकाळी शेगडीवर हात शेकत म्हणाले,
'अगं, आपण तर सरकारच. आपल्याला मत कशाला?'
मी पोळी उलटली.
सरकारला त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं.

मग छप्पन साली, ऐन दिवाळीत,
राज्यच विरघळलं.
दोन्ही राजधान्यांची साधी गावं झाली, म्हणजे मोठी, पण गावं.
सगळ्या गोण्या भोपाळला, गोण्यांबरोबर हे,
एका खोलीत चार कारकून, पाचवा दाराशी.
मी मुलांना घेऊन इंदुरात राहिले.
पहिल्यांदाच हिवाळ्यात मला इंदूर दिसलं.
केवढं कोवळं ऊन असतं इथे, कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या मतदानाला कारकुनाने वाचलं,
'सगुणा वामन पागनीस.'
मी शाळेत म्हणतात तसं 'हजर' म्हणाले.
रांग हसली. मीही.
आतल्या खोलीत पेट्या, पडदा, आणि कुणीच नाही.
इतका वेळ एकटी मी कधी उभी राहिले नव्हते.

ह्यांचं कार्ड आलं आठ दिवसांनी.
'इथल्या यादीत आमच्यापैकी कुणाचंच नाव नाही.
चौकशी चालू आहे. लोक विचारतात, कुठले तुम्ही?
सांगतो, राजधानीचे.
तू गेली होतीस का?'

उत्तर लिहायला दोन दिवस लागले.
मुलाचा ताप, कोळशाचे पैसे, सगळं लिहिलं,
मग तळाशी, जागा उरली नव्हती तिथे, आडवं, 'हो.'
भांडी घासताना ते बोट
शाई उडेपर्यंत मी वर धरत होते.