मार्जिन

हात वर कर. श्वास रोखू नकोस,
डोहाळजेवणाचा ब्लाउज आहे, जेवायचंय तुला त्यात.
छत्तीस. सदतीस लिहिते.

काय म्हणाले डॉक्टर? पायाळू?
मग तारीख देतील तुला.
अगं रडतेस काय, टेप भिजेल.
पायाळू माणसाची लाथ बसली की लचक जाते म्हणतात,
माझी कंबर राखून ठेव त्याच्यासाठी.
बस स्टुलावर.

मला तारीख नव्हती.
चौदा तास कळा, आणि मग मशीनमधले ठोके
उतरायला लागले,
खोलीतले सगळे आवाज एकदम मऊ झाले.
त्या मऊपणाला घाबरले मी.
कागदावर सही माझीच घेतली.
वैज एवढंच उमटलं, यंती कळेत गेलं.

"मांजरीसारखी पाठ कर," लिसाम्मा सिस्टर म्हणाली,
नि माझ्या कपाळाखाली स्वतःचा खांदा दिला.
स्पिरिट आणि खोबरेलाचा वास होता त्याला.
सुई टोचली, पाय गेले.
दिसत होते, पण माझे नव्हते.

दुखलं नाही. कळत मात्र होतं,
कुणीतरी माझ्या कपाटात
तळाची साडी शोधतंय,
वरच्या घड्या हाताने बाजूला सारत.

दातावर दात आपटत विचारलं,
किती थर उघडलेत डॉक्टर?
हिरव्या पडद्यापलीकडून उत्तर आलं,
"तुम्ही नका मोजू. बंद करताना आम्ही मोजतो."

मग एक ओला, चिडलेला चेहरा
माझ्या गालाला टेकवला कुणीतरी.
हात इतके थरथरत होते, धरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अख्खा मजला एकच विचारी:
वारा सरला का?
सासरेसुद्धा, दाराबाहेरून, घसा खाकरून.
हस, आत्ता हसून घे.
तेव्हा पोटाशी उशी धरून हसावं लागेल,
खोकतानाही.
उठताना आधी कुशीवर, मग कोपरावर रेटा.
खाट ते संडास सहा पावलं,
मी कोपरखैरण्याहून ठाण्याला चालत गेले त्या दिवशी.

दोरा कुठला वापरलात, विचारलं होतं मी.
आतला विरघळतो म्हणाले.
वीस वर्षं शिवतेय,
असा दोरा मला कुणी विकला नाही.

नणंद म्हणाली, सुटलीस, आयतं काढून दिलं.
तेव्हा बोलायला ताकद नव्हती.

तेल लावायला बोनकोड्याची हिराबाय यायची.
पोटापाशी तिचा हात थांबला.
"नय गो बाय, इथं मी हात नय लावनार. पाय दे."
आणि माझे पाय
तिने मला परत आणून दिले.

ताप आला, टाक्यातून पाणी आलं,
तर घरातल्या कुणाचं ऐकत बसू नकोस.
सरळ रिक्षा कर.

माझी रेघ थंडीत अजून खाजते.
चौदाची झाली आता,
ती आणि मुलगी, दोघी एका वयाच्या.

हे बघ, शिवणीत दोन बोटं कापड सोडतेय.
पाठीची दोरी, लटकन, सगळं तुझ्या मनासारखं.
हुक तेवढे मी पुढे घेणार.
का ते नंतर कळेल.
शुक्रवारी ने.