उतारा

तलाठ्याकडचा उतारा वेगळा,
विंचवावरचा वेगळा.
माझा टक्क्यांत असतो:
आज एकतीस.
काल सव्वीस होता, म्हणून पोपट गायधनीनं
कॅन्टीनमधून दोन चहा जास्तीचे आणले.

तेवीस वर्षं अंबडला.
त्याआधी पुण्यात साडेपाच, एकाच रेणूच्या मागे.
त्याचा शेवटचा टप्पा जर्मनीतलं कुणीतरी
माझ्या दोन महिने आधी चढलं.
सर म्हणाले, लिहून टाक, वाट तरी तुझी आहे.
लिहिलं. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं.
आईनं प्रबंध देव्हाऱ्याशेजारी ठेवला,
त्यावर हळूहळू पंचांग राहायला आलं.

नवी मुलं विचारतात, मॅडम, करिअर कसं घडवायचं?
मी त्यांच्या हातात काचेची कांडी देते.
फ्लास्कची आतली भिंत खरवडत राहा.
द्रावण नितळ दिसेल, खुळ्यासारखं वाटेल.
कधी ओरखड्यावर पहिला कण धरतो,
मग बघता बघता सगळं पांढरं.
कधी नाहीच धरत.
तेव्हा चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवायचं
आणि सोमवारपर्यंत त्याचा विचार करायचा नाही.
हे मला अजून जमलेलं नाही.

वहीच्या प्रत्येक पानाखाली दोन सह्या,
एक माझी, एक साक्षीदाराची.
क्षेमकल्याणी बाई चार हजार पानांच्या साक्षीदार;
फसलेल्या प्रयोगांखाली
त्यांची सही जरा जास्त सुबक यायची.
एक रेणू उंदरांपर्यंत पोचला होता.
तिथून माघारी आला.
त्याला नाव नव्हतं, नंबर होता.
पाठ आहे. सांगता येत नाही.

वडील नाशिकरोडला, नोट प्रेसमध्ये.
दिवसभर हाताखालून लाखो,
संध्याकाळी झडती देऊन बाहेर.
घरी आणायचे तो फक्त शाईचा वास,
लिंबाच्या फोडीनं घासूनही न जाणारा.
मला तेव्हा हसू यायचं.

आता गेटवर माझी पर्स उघडतात.
डबा, चष्मा, क्रोसिन. जा मॅडम.
पिरिडिन तेवढं केसांतून निसटतं.

त्रिमूर्ती चौकात सिग्नलला
क्लासहून आणलेला मुलगा मागे नाक दाबून बसलेला.
आज किती, विचारतो.
एकतीस.
"पस्तीसला पास असतात, आई."
हिरवा पडतो. मागचे हॉर्न देतात.